ओझं उतरवलेला पूल

पोलादपूरकडच्या वाड्यांवर पूल नसतो, साकव असतो. वहाळावर दोन ओंडके आडवे टाकायचे, वर काठ्या बांधायच्या, की झाला साकव. पुरात गेला तर पुढच्या वर्षी नवा. आता तो सिमेंटचा झालाय, पण सरकारी कागदातही निधी ‘साकव’ याच नावाने पडतो. काम एकच, माणूस पलीकडे जावा. तरी संध्याकाळी त्याच्या कठड्याशी कुणी गळ टाकून बसलेलं असतं, कुणी रेंज मिळते म्हणून मोबाइल कानाला लावून उभं असतं, आणि सुगीत भाताचा भारा टेकवायला तोच कठडा उपयोगी पडतो. हे उपयोग कुठल्या समितीने शोधलेले नाहीत.

जुन्या पुलांचं काय करायचं असा विषय निघाला, की महाडच्या माणसाला मात्र सावित्री आठवते. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, नदीला पूर. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या, एक तवेरा, अशी वाहनं पाण्यात गेली. पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराच्या ते लक्षात आलं म्हणून पुढची वाहनं थांबली. गाड्या शोधायला क्रेनला बांधून ३०० किलोचं लोहचुंबक नदीत सोडलं होतं. गढूळ पाण्यात चुंबकाने एसटी चाचपडायची, इतकी आंधळी ती शोधाशोध होती.

या गोष्टीतला एक तपशील मला सुटत नाही. शेजारीच दुसरा, नवा पूल उभा होता. गोव्याकडे जाणारी वाहतूक त्यावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्यावरून, अशी वाटणी होती. दुर्घटनेनंतर दोन्ही दिशांची वाहतूक त्या एकट्या नव्या पुलाने पेलली, ती ५ जून २०१७ ला जुन्याच्या जागी बांधलेल्या पुलाचं उद्घाटन होईपर्यंत. म्हणजे म्हाताऱ्याला रजा देण्याची सोय हाताशी होती. गैरसोय झाली असती, रांगा लागल्या असत्या, पण सोय होती. जुन्याच्या जागचा हा पूल १६५ दिवसांत बांधला याचं कौतुक खूप झालं, ते योग्यच आहे. रजेचा विषय मात्र मागे पडला.

रजा दिली तर काय होतं, ते पुण्यात दिसतं. मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा पूल, कागदोपत्री फिट्झजेराल्ड पूल, १८६० च्या दशकातला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचं नाव त्याला मिळालं. स्थानिक दगडाच्या कमानी, टोकांशी सिंहांचे पुतळे. १९६१ च्या पानशेतच्या पुरालाही तो पुरून उरला. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्यावरची वाहनं बंद झाली आणि महापालिकेने तिथे ‘आर्ट प्लाझा’ केला. नाव जरा भारदस्त आहे. लोक तिथे मुख्यतः नदीचा वारा खातात, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे.

पण ‘आता नुसती माणसंच चालणार’ म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. दगडी कमान वरच्या वजनाने सहसा मरत नाही, वजनाने दगड एकमेकांवर उलट घट्ट बसतात. ती मरते पाण्याने. वरून झिरपलेलं पाणी सांध्यांतला चुना धुऊन नेतं, त्या फटीत पिंपळ रुजतो, आणि खाली पुराचा भोवरा खांबाच्या पायातली वाळू उपसत राहतो. वरून सगळं शाबूत दिसतं. वाहतूक थांबली तरी यातलं काहीच थांबत नाही. उलट वाहनं गेली की पूल बांधकाम खात्याच्या नजरेआड जातो.

शिवाय गर्दी हलकी नसते. जत्रेसारखी दाटी होईल अशा ठिकाणी चौरस मीटरला ५०० किलो भार धरायची पद्धत आहे. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल १५ जून २०२५ ला, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार माणसं गेली. गावकऱ्यांच्या ये-जा करण्याच्या पुलाला पर्यटकांनी परस्पर नवा उपयोग शोधला होता, पाणी बघत उभं राहण्याचा. चालणारा माणूस पुढे सरकतो, फोटो काढणारा तिथेच थांबतो, त्याच्यामागे आणखी दहा. जुना पूल लोकांना मोकळा करून द्यायचा तर एका वेळी किती माणसं आणि पाणी कुठवर चढलं की फाटक बंद, हे आधी ठरायला हवं. बाकं आणि दिवे त्यानंतर.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं, की प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गाव लागतं. रामवरदायिनीचं देऊळ तिथलंच. गावाजवळ कोयनेवर दगडी पूल आहे, शिवकालीन म्हणून ओळखला जातो. घोडी, बैल, पालख्या आणि पायी माणसं यांच्यासाठी बांधलेला हा पूल पुढे मोटारींच्याही कामी आला. खाली उतरून बघण्यासारखे आहेत ते त्याचे खांब. प्रवाहाच्या बाजूला टोकदार, होडीच्या नाळेसारखे. पूर अंगावर घ्यायचा नाही, दोन्हीकडे फाकवून द्यायचा, हे बांधणाऱ्याने दगडात सांगून ठेवलंय. त्याच्या हिशेबात ट्रक नव्हता.

या पुलाला सुशोभीकरणातून वाचवावं, असं मला मनापासून वाटतं. रंगीत कारंजं नको, सेल्फी पॉइंट तर नकोच. जड वाहनांना पर्यायी वाट मिळावी, पावसाळ्याआधी आणि नंतर कुणीतरी पाण्यात उतरून पाया बघावा, सांध्यातलं रोप हाताएवढं व्हायच्या आत उपटावं, आणि या कामाला एक माणूस नेमलेला असावा, ज्याला गाव नावाने ओळखेल. मग संध्याकाळी कुणी कठड्याशी गळ टाकून बसलं, तर बसू द्यावं.