नकाशा कोणाला वाचता येतो?

शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. कोकण हिरवे, सह्याद्री तपकिरी. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की लाल-हिरव्यातला भेद न जाणवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात सखल कोणते आणि उंच कोणते हे उमगत नसेल, असे मनातही येत नाही. उपाय मात्र सोपा आहे. उंचीबरोबर रंग गडद करीत न्यावा आणि समोच्च रेषांवर आकडे घालावेत. पुणे मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेलाही हाच न्याय; लाल न दिसणाऱ्यास जांभळा निळाच वाटतो, तेव्हा रेषेवर नाव लिहिलेले बरे.

दृष्टिहीनांचा प्रश्न याहून बिकट. बोटाच्या टोकाला सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले ठिपके वेगळे लागत नाहीत. त्यामुळे छापील नकाशा जसाच्या तसा उठावदार केला, तर हाताला नुसती खरखर लागते! स्पर्शनकाशा करणाऱ्याला आधी वगळायला शिकावे लागते. नदीला एक पोत, सीमेला दुसरा. गावाच्या नावाऐवजी ब्रेलची दोन अक्षरे आणि त्यांची सूची वेगळ्या पानावर. कोलकात्याच्या 'नॅटमो' या सरकारी नकाशासंस्थेने २०१७ साली भारताचा ब्रेल नकाशासंग्रह प्रकाशित केला.

आता आपल्या परिसरातील पुनावळे घ्या. पवनेकाठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि मुंबई-बंगळूर महामार्ग त्याला लागून जातो. नकाशावर सर्वांत ठळक रेघ त्याचीच. मोटारीतल्या माणसाला ती वाट. पायी जाणाऱ्याला मात्र ती भिंत. त्याला हवे ते निराळेच : पलीकडे जाण्याचा भुयारी मार्ग कोठे, त्यात पदपथ आहे काय, पावसात पाणी साचते काय? चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यास चढही कळायला हवा. बारा फुटांत एक फुटाहून अधिक चढ असला, तर हातांनी चाक ढकलणे कठीण. शिवाय नावांचा घोळ आहेच. जुना रहिवासी 'काटे वस्ती' म्हणतो, आणि कामासाठी नव्याने आलेला गृहसंकुलाचे इंग्रजी नाव शोधतो. दोन्ही नावे शेजारी-शेजारी, देवनागरीत, का छापू नयेत?

भूगोल विभागाच्या क्षेत्राभ्यासात असा नकाशा करता येण्याजोगा आहे. मोजपट्टी, गवंड्याची पाणपातळी आणि एक वही पुरते. मात्र चाकाची खुर्ची वापरणारा सहाध्यायी बरोबर हवा. कोणती पायरी किरकोळ आणि कोणती वाट अडवणारी, हे त्याच्यावाचून ठरत नाही.