तंतुकणिकांच्या आतल्या पटलावर पोहोचणारे औषध

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, अंकुशनगर येथील समर्थ सहकारी साखर कारखान्यात उसापासून जी साखर तयार होते, ती पोटात गेल्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांत विभागली जाते, त्यांचे पुढे पायरुवेट नावाच्या लहान रेणूत विघटन होते आणि अखेरीस पेशींमधील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, या सूक्ष्म अंगकांत प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे ज्वलन पूर्ण होऊन एटीपी हा ऊर्जावाहक रेणू निर्माण होतो. ऊसतोड कामगाराच्या दंडातील स्नायूंना आणि त्याच्या छातीत अखंड चालणाऱ्या हृदयाला लागणारी बहुतेक ऊर्जा याच तंतुकणिकांतून मिळते. त्यामुळे तंतुकणिकांत बिघाड झाला की ज्यांना ऊर्जा सर्वाधिक लागते ते हृदय, मेंदू आणि स्नायू हे अवयव सर्वांत आधी थकतात.

असा बिघाड दुरुस्त करणे आजवर अवघड ठरले, याचे मुख्य कारण तंतुकणिकेच्या रचनेत आहे. तिच्याभोवती एकात एक अशी दोन पटले असतात, आणि बाहेरील पटलातून अनेक लहान रेणू आत जाऊ शकत असले तरी घड्या पडलेले आतील पटल फारच निवडक असते. याच आतील पटलावर श्वसनाची प्रथिनसाखळी बसवलेली असते, याच पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब असतो आणि यातच कार्डिओलिपिन हा चार मेदाम्लशृंखलांचा, ऋण विद्युतभार असलेला मेदपदार्थ आढळतो, जो पटलाच्या घड्यांचा आकार टिकवतो आणि श्वसनाची प्रथिने एकत्र धरून ठेवतो. अमेरिकेतील मेरी पँगबॉर्न यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला गाईच्या हृदयातून हा पदार्थ वेगळा केला, तो ऊर्जेच्या अभ्यासासाठी नव्हे, तर सिफिलिसच्या चाचणीसाठी. गर्भवतींच्या रक्ततपासणीत परिचित असलेल्या व्हीडीआरएल चाचणीत आजही कार्डिओलिपिनच वापरले जाते. जो पदार्थ असंख्य प्रयोगशाळांत केवळ एक रसायन म्हणून हाताळला गेला, तोच पुढे उपचाराचे लक्ष्य ठरला, ही वैद्यकाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

या लक्ष्यापर्यंत पोहोचणारी पेप्टाइडेही वेगळ्याच शोधातून हाती आली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी; प्रथिने याच घटकांची, परंतु पुष्कळ लांब असतात. न्यूयॉर्कमधील हेझेल झेटो आणि माँट्रियलमधील पीटर शिलर हे अफूसारखा वेदनाशामक परिणाम करणाऱ्या पेप्टाइडांवर काम करत असताना, त्यांतील काही रेणू पेशीत शिरून थेट तंतुकणिकांत साठतात असे दिसून आले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या गटाला एसएस पेप्टाइडे असे नाव मिळाले, आणि त्यातील एसएस-३१ हे पुढे एलामिप्रेटाइड या नावाने औषध म्हणून विकसित झाले. त्यात केवळ चार अमिनो आम्ले आहेत. त्यांतील एक आम्ल निसर्गात सहसा आढळणाऱ्या रूपाच्या आरशातील प्रतिमेसारखे असल्यामुळे विकरे त्याला लवकर तोडू शकत नाहीत, आणि साखळीवरील धन विद्युतभारामुळे ते कार्डिओलिपिनच्या ऋणभाराकडे ओढले जाते. तेथे बसल्यावर ते आतील पटलाची विस्कटलेली घडी सावरते, एटीपीची निर्मिती सुधारते आणि पेशीला घातक ठरणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजन रेणूंची गळती कमी करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले.

प्रयोगशाळेतील हे यश रुग्णांपर्यंत मात्र सहजपणे आले नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बंद रक्तवाहिनी उघडताना हे औषध दिल्यास हृदयस्नायूची हानी कमी होईल, या अपेक्षेने झालेल्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. प्राथमिक तंतुकणिका-स्नायुविकाराच्या २१८ रुग्णांवरील मोठ्या चाचणीतही, २४ आठवड्यांनंतर, सहा मिनिटांत चालता येणारे अंतर आणि थकवा या दोन्ही मुख्य निकषांवर औषध आणि निष्प्रभ इंजेक्शन यांत भेद आढळला नाही. कार्यपद्धती कितीही सुसंगत वाटली तरी तेवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही, हे अशा निकालांवरून स्पष्ट होते, आणि वर्तमानपत्रांतील उत्साही मथळे वाचताना हे निकालही समोर ठेवणे आवश्यक आहे.

यश मिळाले ते अतिशय दुर्मिळ अशा बार्थ सिंड्रोममध्ये. नेदरलँड्समधील बालचेतारोगतज्ज्ञ पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये या आजाराचे वर्णन केले. टॅफाझिन या जनुकात, जे एक्स गुणसूत्रावर असते, दोष असल्यामुळे कार्डिओलिपिन परिपक्व रूपात तयारच होत नाही. परिणामी बहुधा मुलग्यांमध्ये हृदय दुबळे आणि फुगलेले राहते, स्नायू लवकर थकतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी कमी असल्याने वारंवार संसर्ग होतात. जो पदार्थ औषधाचे लक्ष्य आहे, नेमका त्याच्याच निर्मितीत येथे दोष असल्यामुळे या आजारात औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त होती. तरीही केवळ १२ रुग्णांच्या पहिल्या नियंत्रित चाचणीत चालण्याच्या अंतरात सुधारणा सिद्ध झाली नाही. औषध पुढेही घेत राहिलेल्या रुग्णांमध्ये मात्र गुडघ्याच्या स्नायूंचे बळ वाढलेले आढळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मान्यता नाकारली आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी ३० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णांसाठी वेगवान मान्यता दिली. ही मान्यता स्नायूंच्या बळासारख्या मधल्या निकषावर आधारलेली असल्याने, रुग्णाला प्रत्यक्ष लाभ होतो की नाही हे पुढील चाचणीतून पडताळले जाणे बंधनकारक आहे. औषध दररोज त्वचेखाली टोचावे लागते.

तंतुकणिका स्वतःही पेप्टाइडे बनवतात, हा शोधही नवा आहे. त्यांचे स्वतंत्र डीएनए १६,५६९ आधारजोड्यांचे असते आणि ते आईकडून मुलांना मिळते. त्यात दडलेल्या सूचनांतून ह्युमानिन आणि एमओटीएस-सी अशी छोटी पेप्टाइडे निघतात, हे २००१ आणि २०१५ मध्ये उघड झाले. दुसरी दिशा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिसते, जेथे विदिता वैद्य, उल्लास कोल्थूर-सीताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असे दाखवले की सेरोटोनिन हा मेंदूतील संदेशवाहक चेतापेशींमध्ये तंतुकणिकांची संख्या आणि कार्यक्षमता वाढवतो. म्हणजे बाहेरून दुरुस्ती करण्याऐवजी पेशीलाच नव्या तंतुकणिका घडवण्यास प्रवृत्त करता येईल का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मात्र एमओटीएस-सी आणि तत्सम पेप्टाइडे इंटरनेटवर तारुण्य व दीर्घायुष्याच्या नावाने विकली जातात, आणि कोणत्याही आजारावरील औषध म्हणून मान्यता नसलेले असे पदार्थ शरीरात टोचून घेणे धोक्याचे आहे.

अंबड तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील पालकांसाठी खरा अडथळा औषधाच्या आधी निदानाचा आहे. हृदय कमकुवत असलेला, वयाच्या मानाने वजन न वाढणारा आणि वारंवार संसर्गाने आजारी पडणारा मुलगा तालुक्याच्या दवाखान्यात प्रथम कुपोषणाचा किंवा साध्या हृदयविकाराचा रुग्ण समजला जाण्याची शक्यता असते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणानुसार मुंबईचे केईएम रुग्णालय अशा आजारांसाठी उत्कृष्टता केंद्र आहे, आणि धोरणात समाविष्ट आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. आईच्या माहेरच्या नात्यात, विशेषतः मामांपैकी कोणी, लहानपणीच हृदयविकाराने गेले असेल, तर पालकांनी ती माहिती पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी आणि मुलाला अनुवंशशास्त्राच्या तपासणीसाठी पाठवण्याचा आग्रह धरावा.