मोठे टायर आणि फसणारा काटा

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्या जीपगाड्यांना मोठे टायर लावलेले तुम्ही पाहिले असतील. त्यात केवळ हौस नाही. चाक मोठे झाले की आस उंचावते आणि दगडधोंडे गाडीच्या पोटाला घासत नाहीत. पण हीच गाडी एरवी महामार्गावर धावत असेल तर?

टायरच्या कडेवर २३५/७० आर १६ असे काही छापलेले असते. रुंदी २३५ मिलिमीटर. कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १६४.५ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १६ इंच. (मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत! परीक्षेत तुम्ही असे लिहिलेत तर गुण जातील.) कडेची उंची वर एकदा आणि खाली एकदा धरली की चाकाचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर २६५/७५ आर १६ चढवा. व्यास ८०४ होईल. परिघ २.३१ मीटरवरून २.५३ मीटर.

वेग दाखवणारा काटा रस्ता मोजत नाही, फेऱ्या मोजतो. एका फेरीत गाडी किती पुढे जाते, हा हिशेब कारखान्यातच ठरलेला असतो. तो मुळात अचूक होता असे धरले, तर काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ताशी ८७ किलोमीटरने पळत असेल!

आता ब्रेक दाबा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती सुमारे २० टक्के जास्त. शिवाय ब्रेकचा जोर तोच, पण चाकाची त्रिज्या वाढलेली, म्हणून रस्त्यावर मिळणारे रोधक बल कमी. दोन्ही मिळून थांबण्याचे अंतर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. काटा ८० वर असताना पायाच्या ज्या दाबाने गाडी पूर्वी ५० मीटरांत थांबे, तिला आता ६५ मीटर लागतील. (चाके घसरली नाहीत, असे यात गृहीत आहे.) रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे १५ मीटर फार मोठे आहेत.

इंजिनाच्या ओढीचेही तेच. घाटात खालचा गिअर लवकर टाकावा लागतो. गाडीचे ‘ॲव्हरेज’ घसरल्याची तक्रार मात्र निम्मी खोटी असू शकते, कारण हजार किलोमीटर धावल्यावर मीटर ९१५च दाखवतो.

काही नव्या गाड्यांत काट्याचा हिशेब दुरुस्त करून घेता येतो. ब्रेकचा मात्र तेवढ्याने सुधारत नाही. म्हणून माझे मत विचाराल, तर महामार्गावरच्या गाडीला कारखान्याने सांगितलेल्या मापापलीकडचे टायर नकोत.

पडताळा घ्यायचा आहे? मोकळ्या रस्त्यावर चालकाला काटा ८० वर स्थिर ठेवायला सांगा आणि तुम्ही मागच्या सीटवर घड्याळ घेऊन बसा. किलोमीटरच्या दगडांमधला वेळ मोजा. एकाच्या भरवशावर न राहता पाच किलोमीटरांची सरासरी काढा. दर किलोमीटरला ४५ सेकंद लागले तर काटा खरा. ४१ लागले तर खाली उतरून टायरच्या कडेवरचे आकडे वाचा.