फाइल सर्व्हरचा वेग मोजताना…

कार्यालयातील अनेक संगणकांना एकाच सर्व्हरवरील फाइल वापरता याव्यात, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये 'एनएफएस' ही पद्धत विकसित केली. ती आजही प्रचलित आहे. सर्व्हरच्या डिस्कवर मात्र 'ईएक्सटी४', 'एक्सएफएस' अशी एखादी फाइल सिस्टीम असते. त्यांपैकी वेगवान कोणती, हे ठरविण्यासाठी चाचण्या घेतल्या जातात. पण त्यांचे आकडे अनेकदा फसवे असतात.

पहिली मर्यादा नेटवर्कची. १ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा अधिक माहिती जाऊच शकत नाही. डिस्क त्याहून वेगवान असल्यास मोठ्या फाइलच्या चाचणीत सर्व सिस्टीम सारख्याच भासतात. शिवाय चाचणीची फाइल रॅममध्ये मावली, तर डिस्कऐवजी रॅमचाच वेग मोजला जातो. म्हणून ती रॅमच्या किमान दुप्पट घेतात. हजारो लहान फाइल निर्माण करताना मात्र प्रत्येकीची नोंद डिस्कवर पक्की करावी लागते आणि तेथे फरक उघड होतो.

सर्वांत महत्त्वाचा भेद 'सिंक' व 'असिंक' यांतील. 'सिंक'मध्ये माहिती डिस्कवर पोहोचल्यावरच सर्व्हर ती जतन झाल्याची ग्वाही देतो. 'असिंक'मध्ये ती आधीच देऊन टाकतो. साहजिकच आकडे फुगतात, पण नेमकी तेव्हाच वीज गेली, तर जतन झालेली समजलेली फाइल नष्ट होऊ शकते. लिनक्समधील 'एनएफएस-युटिल्स'ने १.०.० नंतरच्या आवृत्त्यांत 'सिंक' हाच मूळ पर्याय ठेवला, तो याच कारणाने. त्यामुळे दोन सिस्टीमची तुलना वाचताना हा पर्याय दोन्हीकडे सारखा होता का, हे आधी पाहावे.