घारापुरीचा एक दिवस

घारापुरीचा बेत ठरला की घरात पहिली चर्चा होते ती सकाळी किती वाजता निघायचे याची. वास्तविक या सहलीचे सारे गणित परतीच्या वेळेवर बसते. गेटवे ऑफ इंडियापासून बेट जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवर असले तरी लाँचला तेवढ्या अंतरासाठी सुमारे तास लागतो. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास सुटते आणि डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शेवटच्या लाँचवर विसंबलेल्या घरातील आजींचे, त्या चौविहार पाळत असतील तर, संध्याकाळचे भोजन त्या दिवशी हुकलेच म्हणावे. म्हणून नऊच्या सुमारास सुटणारी पहिली लाँच पकडून तीनच्या आसपास बेट सोडणे हाच शहाणा हिशेब.

दुसरा अडसर वाराचा. सोमवारी लेणी बंद असतात. ज्यांच्या बाजारपेठेची साप्ताहिक सुटी सोमवारी येते, त्यांना एखादा दिवस दुकान मुनीमजींवर सोपवावेच लागते. रविवारी जाता येते, परंतु त्या गर्दीत शिल्पांपुढे क्षणभर स्थिर उभे राहणे दुरापास्त. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवल्या जातात, तेव्हा हा विचार थंडीपर्यंत लांबवणे बरे.

प्रवासाच्या सुरक्षिततेविषयी आता हयगय नको. 18 डिसेंबर 2024 रोजी बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती त्यानंतर झाली. उकाडा होतो म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे प्रवासी तरीही आढळतील. मुलांच्या मापाची जाकिटे आहेत का, हे बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी विचारलेले चांगले.

धक्क्यापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी नेते. पुढे सुमारे एकशेवीस पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी डोली मिळते. भाडे मात्र बसण्यापूर्वीच ठरवावे. दुतर्फा दुकानांची रांग आहे, पण कांदा-बटाटा वर्ज्य असणाऱ्यांनी दशम्या, खाकरे आणि उकळलेले पाणी घरूनच न्यावे. शिदोरी पिशवीत झाकलेली असावी. येथील माकडे धीट आहेत आणि हातातील बाटलीही सोडत नाहीत.

मुख्य लेण्यात आजचा प्रवासी उत्तरेकडून प्रवेश करतो आणि समोरच्या दक्षिण भिंतीतील सुमारे वीस फूट उंचीचा त्रिमुख सदाशिव त्याला थबकवतो. गर्भगृह मात्र त्या रेषेत नाही. ते पश्चिमेकडे आहे, चारही बाजूंना दारे असलेले, आणि त्याची मूळ दिशा पूर्वेच्या प्रवेशद्वाराशी जुळते. ही आडवी रेषा ध्यानात घेऊन दालन पुन्हा एकदा चालले, तर खांबांची मांडणी निराळीच भासू लागते. अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण या पटांवर जागोजागी भंगल्याच्या खुणा आहेत. तरीही सदाशिवाच्या मधल्या मुखावरील मिटल्या डोळ्यांची शांती अभंग राहिली आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. येथे घाई करू नये. आजींना सावलीत बसवून तरुण मंडळींनी तोफांच्या टेकडीवर जाऊन यावे; वाट खडकाळ आहे, चपला चालणार नाहीत.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर लखलखत असताना या गावांना समुद्राखालील केबलने कायमची वीज मिळाली ती 2018 मध्ये. पाहुण्यांना येथे मुक्काम करता येत नाही. दिवस कलला की बेट गावकऱ्यांचे होते.

मुले हमखास विचारतात, इंग्रजी नावातला हत्ती कुठे आहे? तो येथे नाही. पोर्तुगीजांना ज्या दगडी हत्तीवरून ‘एलिफंटा’ हे नाव सुचले, तो 1864 मध्ये इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात कोसळून भंगला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. भायखळ्याच्या मोतीशा शेठांच्या देरासरात दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना तो एखाद्या सकाळी सहज पाहता येईल.