दोन डगरींवरचे सारथी

अमेरिकी मोटारशर्यतींत दोन घराणी आहेत. ओपन-व्हील घराण्यातली गाडी म्हणजे उघडी चाके, एका माणसापुरती खोबण आणि पुढे-मागे पंख. तिची पंढरी इंडियानापोलिस. तिथे १९११ पासून ५०० मैलांची शर्यत भरते. दुसरे घराणे स्टॉक कारचे. नास्कार ही संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीच्या वर्षांत शोरूममधून घेतलेल्या गाड्याच शर्यतीत उतरत, म्हणून ‘स्टॉक’. आजच्या गाडीत शोरूमचे काही उरलेले नाही. हेडलाइटसुद्धा चिकटवलेले चित्र असते. या घराण्यातली सर्वांत मानाची शर्यत डेटोनाची, तीही ५०० मैलांची. दोन्हीकडे नाव कमावलेले चालक मोजके आहेत आणि या दोन्ही शर्यती जिंकणारे तर दोघेच: मारिओ अँड्रेटी आणि ए. जे. फॉइट.

याचे कारण गाड्यांच्या स्वभावात आहे. ओपन-व्हील घराण्यातल्या इंडीकारचे वजन साधारण ७५० किलो, स्टॉक कारचे जवळजवळ दुप्पट. इंडीकारला पंखांवरून वाहणारी हवा जमिनीशी दाबून धरते, त्यामुळे ती वळणावर रुळावरून जावी तशी जाते. पण पकड सुटली की एकदम सुटते, सावरायला उसंत देत नाही. स्टॉक कार वळणावर कलते, डुलते, तिचा मागचा भाग हळूहळू बाहेर सरकू लागतो आणि चालकाने त्या सरकण्यासकट वळण घ्यायचे असते. धक्काबुक्कीचा रिवाजही उलटा. स्टॉक कारमध्ये दाराला दार घासणे हा रोजचा व्यवहार. ओपन-व्हीलमध्ये एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकावर चढले तर गाडी हवेत उडते.

तरीही एका काळी या दोन घराण्यांत ये-जा सर्रास चाले. १९६७ हे वर्ष पाहावे. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची नास्कार शर्यत पार्नेली जोन्सने जिंकली. हा १९६३ चा इंडियानापोलिस विजेता. फेब्रुवारीत डेटोना अँड्रेटीने मारली. ३१ मे रोजी इंडियानापोलिसला जोन्स टर्बाइनच्या गाडीत बसून जिंकण्याच्या बेतात होता. अवघ्या तीन-चार फेऱ्या उरल्या असताना एका बेअरिंगने दगा दिला आणि फॉइट तिसऱ्यांदा विजेता झाला. दहाच दिवसांनी फॉइट आणि डॅन गर्नी यांनी फोर्डच्या गाडीतून फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. विजयमंचावर गर्नीने शॅम्पेनची बाटली हलवून सगळ्यांवर फवारली; तो प्रकार आज बहुतेक शर्यतींत चालतो. पुढच्याच आठवड्यात गर्नीने स्वतःच्या कारखान्यातली ईगल घेऊन बेल्जियमची फॉर्म्युला वन शर्यत जिंकली. आजच्या चालकाला असे वेळापत्रक कोणी आखूच देणार नाही.

फॉइटने पुढे १९७२ मध्ये डेटोना आणि १९७७ मध्ये चौथ्यांदा इंडियानापोलिस जिंकले. अँड्रेटीने १९६९ मध्ये इंडियानापोलिस आणि १९७८ मध्ये लोटसमधून फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. त्याची कहाणी वेगळ्या कारणानेही सांगण्याजोगी आहे. इस्त्रियात जन्म, दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत निर्वासितांच्या छावणीत बालपण, १९५५ मध्ये अमेरिका. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी त्याने आणि जुळा भाऊ अल्दो याने एक जुनी हडसन मोटार दुरुस्त केली आणि १९५९ मध्ये तिथल्या मातीच्या ट्रॅकवर आळीपाळीने पळवली.

खरी शाळा ही मातीच. मिजेट किंवा स्प्रिंट कार ही उघड्या चाकांची छोटी गाडी मातीच्या ट्रॅकवर डावीकडे वळते तेव्हा पुढची चाके उजवीकडे फिरवलेली असतात आणि गाडी तिरकी घसरत जाते. स्टीअरिंगइतकेच काम अॅक्सिलरेटर करतो. फॉइट, जोन्स, अँड्रेटी, पुढे टोनी स्टुअर्ट आणि काइल लार्सन हे सारे या मातीत घसरत शिकलेले. स्टुअर्टने १९९६-९७ चे इंडी रेसिंग लीगचे विजेतेपद आणि नंतर नास्कारची तीन (२००२, २००५, २०११) मिळवली. दोन्हीकडे विजेतेपद घेणारा तो एकटाच.

मातीशिवाय आलेले नास्कारमध्ये बहुधा वळणावळणाच्या रस्त्याच्या ट्रॅकवरच चमकले. गर्नीचे नास्कारचे पाचही विजय रिव्हरसाइडचे. कोलंबियाच्या हुआन पाब्लो मोंतोयाने इंडियानापोलिस दोनदा आणि फॉर्म्युला वनच्या सात शर्यती जिंकल्या. नास्कारमध्ये मात्र त्याचे विजय दोनच, सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेनला, दोन्ही रस्त्याचे ट्रॅक.

ज्यांचे जमले नाही तेही लहान नव्हते. सॅम हॉर्निशने इंडी मालिका तीनदा जिंकली, पण नास्कारच्या मुख्य मालिकेत एकही शर्यत नाही. दारिओ फ्रांकिट्टी २००८ मध्ये इंडीकारमधून नास्कारमध्ये आला, टॅलाडेगाला घोटा मोडून घेतला, परत गेला आणि पुढची तिन्ही इंडीकार विजेतेपदे घेऊन बसला. उलट दिशाही सोपी नाही. सात वेळचा नास्कार विजेता जिमी जॉन्सन इंडीकारमध्ये आला. दोन मोसमांत त्याचा सर्वोत्तम क्रमांक पाचवा. वाळवंटातल्या ट्रकशर्यतींत घडलेला हा माणूस, तेव्हा मातीही दर वेळी तारत नाही.

ये-जा आटली ती वेळापत्रकामुळेही. नास्कारच्या मुख्य मालिकेत वर्षाला ३६ शर्यती असतात. प्रायोजकाला आपला चालक दुसऱ्याच्या गाडीत जखमी झालेला परवडत नाही. उरला आहे तो मे महिन्याच्या अखेरचा एक रविवार. दुपारी इंडियानापोलिसचे ५०० मैल, संध्याकाळी शार्लटला नास्कारचे ६००. मध्ये हेलिकॉप्टर, जेट, पुन्हा हेलिकॉप्टर. १९९४ मध्ये जॉन अँड्रेटीने, मारिओच्या पुतण्याने, हे प्रथम केले. स्टुअर्ट १९९९ मध्ये नववा आणि चौथा आला. शेवटी तो पार गळून गेला होता. २००१ मध्ये खाण्यापिण्याची आणि व्यायामाची शिस्त पाळून तो सहावा आणि तिसरा आला. संपूर्ण ११०० मैल धावलेला तो आजवरचा एकमेव. लार्सनला २०२४ मध्ये पावसाने गाठले: इंडियानापोलिस उशिरा सुरू झाले, आणि तो शार्लटला पोचला तोवर तिथेही पाऊस, त्याने एकही फेरी मारण्याआधीच शर्यत संपली. २०२५ मध्ये दोन्हीकडे त्याची गाडी आपटली. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने नास्कारचे दुसरे विजेतेपद जिंकले.