अस्थानी हर्ष : रुग्ण कधीच न सांगणारे लक्षण

आपल्याकडे येणारा रुग्ण वेदना सांगतो, दाह सांगतो, अग्निमांद्य सांगतो. ‘मला फार आनंद होतो आहे, यावर काही औषध द्या’ असे म्हणत कोणी चिकित्सालयाची पायरी चढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तथापि हर्ष हेही व्याधीचे लक्षण असू शकते आणि काही वेळा ती पहिली पूर्वसूचना असते. ही गोष्ट मी ग्रंथांतून वाचली होती. शिकलो मात्र एका रुग्णेकडून, तेही चूक करून बसल्यानंतर.

घडलेली घटना

सुमारे १२ वर्षांपूर्वी ५८ वर्षे वयाच्या एक गृहिणी आमवातासाठी माझे उपचार घेत होत्या. सिंहनाद गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ, वालुकास्वेद आणि पथ्य असा क्रम दोन महिने चालू होता. उपशय जेमतेमच होता. एके दिवशी त्या झपझप जिना चढून वर आल्या. चेहरा प्रफुल्ल, अंगावर नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. ‘डॉक्टर, दहा वर्षांनी लहान झाले बघा तुमच्या काढ्याने!’ प्रतीक्षागृहातील प्रत्येकाला त्यांनी पेढा दिला व माझी स्तुती केली. मीही सुखावलो. रुग्णपत्रिकेवर ‘उत्तम उपशय’ असे लिहिले आणि मंडळाच्या पुढील सभेत हे रुग्णवृत्त सांगावे असे मनाशी ठरवले.

चार दिवसांनी त्यांचा मुलगा एकटाच आला. ‘डॉक्टर, आई बरी झाली असे सगळे म्हणतात, पण ती झोपतच नाही हो.’ नऊ रात्री बाई दीड-दोन तासांपेक्षा अधिक झोपल्या नव्हत्या व त्याचा शीणही त्यांना नव्हता. पहाटे तीनला भांडी घासणे, दिवसभर अखंड बोलणे, कोणी अडवल्यास संताप. हातातील पाटल्या शेजारणीस देऊन टाकलेल्या. साडीचे दुकान काढायचे म्हणून मुदतठेव मोडून कोणाला तरी आगाऊ रक्कम दिलेली.

त्यांना बोलावून मी प्रथमच विचारले, ‘माझ्या औषधाखेरीज आणखी काही घेता का?’ पिशवीतून पुड्यांचे रिकामे कागद निघाले. नातेवाइकाने परगावाहून आणलेली ही ‘वातावरची पुडी’ त्या दीड महिना घेत होत्या आणि गेले पंधरा दिवस दुप्पट मात्रेने. आता मला दिसले ते त्या दिवशीही दिसण्यासारखे होते : गोल झालेला चेहरा, पातळ त्वचेवर नीलवर्णी डाग, वाढलेला रक्तदाब. रक्तशर्करा ३०० च्या वर निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिशियननी स्टेरॉइडचा संशय व्यक्त केला. पुडी शिल्लक नसल्याने तिचे परीक्षण होऊ शकले नाही, परंतु सर्व चित्र त्याच दिशेचे होते. मनोविकारतज्ज्ञांच्या साहाय्याने तीन आठवड्यांत त्या शांत झाल्या. पुढे दोन महिने विषादात गेल्या. पाटल्या परत मिळाल्या, ठेवीचे पैसे मिळाले नाहीत.

माझी चूक कोणती? रुग्णेचा आनंद माझ्या औषधाचे यश आहे हे मी न तपासता स्वीकारले. दुःखाची कारणे आपण शोधतो. आनंदाचे कारण मात्र आपणच आहोत असे आपल्याला सहज वाटते.

संहितांतील दृष्टी

आपल्या आचार्यांनी हर्षाला केवळ शुभ मानलेले नाही. चरकांनी उन्मादनिदानात काम, क्रोध, लोभ, भय, शोक यांच्या पंक्तीत हर्षालाही मनास आघात करणारा हेतू म्हणून बसवले आहे. वातज उन्मादाच्या लक्षणांत अस्थानी हसणे, नाचणे, गाणे यांचा निर्देश आहे. येथे ‘अस्थानी’ हा शब्द महत्त्वाचा. हसणे विकृत नाही. स्थान, काल व कारण सोडून हसणे विकृत आहे. मदात्ययाच्या प्रकरणात मद्याची पहिली अवस्था प्रहर्ष देणारी सांगून पुढील अवस्थांची अधोगती वर्णिलेली आहे. सुश्रुतांनी अप्रवृद्ध, तरुण उन्मादास ‘मद’ ही संज्ञा दिली. प्रारंभीची ही पायरी बाहेरून उत्साहासारखीच दिसते.

मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, हे चरकोक्त सूत्र आपणांस पाठ आहे. ते केवळ परीक्षेत लिहिण्यासाठी नसून रुग्णासमोर बसून एकेक विचारण्यासाठी आहे. वरील रुग्णेत भक्ती (आवडीनिवडी), शील, चेष्टा व आचार हे चार भाव उघड पालटले होते. मात्र एक सावधानता हवी. मराठीत ‘मॅनिया’ या आधुनिक संज्ञेसाठीही उन्माद हाच शब्द वापरला जातो. संहितोक्त उन्माद त्याहून व्यापक आहे. दोन्ही एकच मानून निदान करू नये.

हर्ष कोठून येतो?

आधुनिक वैद्यक या लक्षणास ‘युफोरिया’ म्हणते. याचे सर्वपरिचित कारण बायपोलर विकार. परंतु कारणे तेवढीच नाहीत, हे वैद्यकाच्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून ध्यानी येते.

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ या बलूनमधून तिघे संशोधक आकाशात गेले आणि ८००० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचले. प्राणवायूच्या पिशव्या जवळ होत्या, तरी दोघे मरण पावले. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी नंतर सांगितले की त्या उंचीवर क्लेश जाणवत नव्हते. उलट आतून एक आनंद वाटत होता. मेंदूस प्राणवायू कमी पडत असताना माणूस सुखी होता, आणि म्हणूनच त्याला धोका कळला नाही.

दुसरा प्रसंग १९५२ चा. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले असता दीर्घकाळ खाटेवर असलेले रुग्ण आनंदी, उत्साही झाले. काही नाचू लागल्याची वर्णने आहेत. फुप्फुसांतील व्याधी शिल्लक असतानाही मन उल्हसित होते. तो हर्ष आरोग्याचा नसून औषधाचा होता. पुढे १९५७ पासून हेच औषध विषादावर वापरले गेले.

स्टेरॉइडविषयी १९७२ साली बॉस्टन येथील अभ्यासगटाने दिलेले आकडे आजही मार्गदर्शक आहेत. प्रेडनिसोनची दैनिक मात्रा ४० मिलिग्रॅम किंवा कमी असता मानसिक उपद्रव १.३ टक्के, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांत आढळले. मात्रेसोबत धोका वाढतो. उपचारांच्या आरंभी हर्षाकडे, दीर्घ सेवनाने विषादाकडे कल अधिक असतो. याखेरीज अवटू ग्रंथीची अतिक्रिया, मेंदूच्या अग्रखंडातील अर्बुद, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतील फिरंग, विषादावरील आधुनिक औषधे, कंपवातावरील लेव्होडोपा, तसेच विजया, धत्तूर व मद्य यांचे सेवन ही कारणे लक्षात ठेवावीत.

परीक्षा कशी करावी?

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथेही पुरेशी वाट दाखवते.

दर्शनाने वेशभूषा, बोलण्याचा वेग, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, अस्वस्थ हालचाल पाहावी. डोळ्यांची बाहुली विस्फारलेली, तोंड कोरडे व त्वचा लाल असल्यास धत्तूर आठवावा. डोळे लाल व काळाचे भान सैल असल्यास विजया. चेहऱ्याची गोलाई व त्वचेवरील डाग स्टेरॉइडकडे बोट दाखवतात.

स्पर्शनाने नाडीची गती, हातांचा कंप, तळव्यांची उष्णता व ओलावा, ताप आणि रक्तदाब पाहावा. विश्रांतीतही नाडी १०० च्या वर, हात उष्ण व कंपयुक्त असल्यास अवटू ग्रंथीची तपासणी करावी.

प्रश्न करताना पहिला प्रश्न झोपेचा. निद्रानाशाचा रुग्ण झोप येत नाही म्हणून कष्टी असतो. अतिहर्षाच्या रुग्णास झोपेची गरजच वाटत नाही. हा भेद एका वाक्यात कळतो व फार काही सांगून जातो. त्यानंतर पैसा, नवे बेत, चिडचिड, कामविषयक वर्तन, पूर्वीचा विषाद, कुटुंबातील असा इतिहास आणि चालू असलेले प्रत्येक औषध, पुडी, काढा, व्यसन विचारावे. हे प्रश्न घरच्या माणसासही स्वतंत्रपणे विचारावेत. कारण रुग्णास आपण आजारी आहोत हेच मान्य नसते. आत्मघाताचे विचारही स्पष्टपणे विचारावेत. हर्ष व विषाद एकाच वेळी असू शकतात आणि हर्ष ओसरतानाचा काळ धोक्याचा असतो.

शेवटी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास सांगावे, स्थळ व तारीख विचारावी. भान कमी-अधिक होत असेल, गोंधळ असेल, तर तो केवळ मनाचा विकार नव्हे. ज्वर, विष, शर्करा किंवा मेंदूचा विकार समजून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

कालमर्यादाही उपयुक्त आहे. आधुनिक निकषांनुसार अशी अवस्था चार दिवस टिकल्यास सौम्य मॅनिया (हायपोमॅनिया) व आठवडाभर टिकून व्यवहार बिघडवत असल्यास मॅनिया यांचा विचार होतो. तीव्रता मोजण्यासाठी १९७८ पासून यंग यांची ११ मुद्द्यांची, ० ते ६० गुणांची मापनश्रेणी वापरात आहे. बायपोलर विकार बहुधा तारुण्यात प्रकटतो. पन्नाशीनंतर प्रथमच असा हर्ष दिसल्यास शारीरिक कारण वा औषध आधी शोधावे. हा एक नियम मला ठाऊक असूनही त्या दिवशी आठवला नाही.

सूतिकेविषयी विशेष दक्षता हवी. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झोपेविना उल्हसित, अतिबोलकी झालेली माता ‘बाळाच्या आनंदात आहे’ असे म्हणून सोडू नये. दर हजार प्रसूतींत एक-दोन मातांना होणारा सूतिकोन्माद असाच सुरू होऊ शकतो; त्यात माता व बालक दोघांच्या जिवास धोका असतो.

मग खरा आनंद कसा ओळखावा? त्याला कारण असते, तो त्या कारणाच्या प्रमाणात असतो, थकवा आला की झोप येते आणि दुसऱ्याचे दुःख दिसताच तो क्षणभर थांबतो. विकृत हर्ष थांबत नाही. अडवल्यास क्रोध होतो.

चिकित्सेतील दक्षता

अशा रुग्णाशी वाद घालू नये, थट्टाही करू नये. शांत खोली, कमी माणसे, रात्री अंधार व निद्रा यांची व्यवस्था, आर्थिक व्यवहार तात्पुरते कुटुंबीयांच्या हाती आणि मनोविकारतज्ज्ञांकडे त्वरित प्रेषण, हा क्रम ठेवावा. शासनाची ‘टेलि मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. ती कुटुंबीयांना सांगावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसरोग विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. जवळ असे सहकारी असल्यास त्यांचे साहाय्य घ्यावे.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. स्टेरॉइडचा संशय असलेली पुडी दीर्घकाळ घेतली असल्यास ‘आजपासून बंद’ असे सांगू नये. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असल्याने एकाएकी बंद केल्यास प्राणसंकट येऊ शकते. ती फिजिशियनच्या देखरेखीखाली क्रमाने कमी होते. दुसरे, रुग्ण लिथियम घेत असल्यास वमन, विरेचन, तीव्र स्वेदन किंवा लवणवर्ज्य पथ्य तज्ज्ञांस न विचारता देऊ नये. शरीरातील जल व लवण घटले की रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होते. आपले शोधन येथे अपाय करू शकते.

औषधालय चालकांसाठी

आपल्या दुकानात येणारा ग्राहक आपल्याला चिकित्सकापेक्षा अधिक वेळा भेटतो. नेहमीचा अबोल ग्राहक अकस्मात अतिबोलका, उधळा झालेला दिसल्यास घरच्यांना हळूच सूचना द्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये भांग, धत्तूर, वत्सनाभ, अहिफेन इत्यादी द्रव्यांचा समावेश आहे. ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकास वाचून दाखवावी. लेबल नसलेली, घटक न लिहिलेली पुडी कोणी ठेवावयास दिली, तर कितीही मागणी असली तरी ठेवू नये. आयुर्वेदाच्या नावाखाली त्यात स्टेरॉइड मिसळणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय आपल्या शास्त्रावरील विश्वासाची ती लूट आहे.

त्या बाई आजही माझ्याकडे येतात. बोटे पुन्हा थोडी आखडतात, काढा चालू आहे. ‘बरे वाटते का?’ असे विचारल्यावर त्या म्हणतात, ‘बरंय, पूर्वीसारखं.’ त्यानंतर मी न चुकता विचारतो, ‘झोप?’ सर्व वैद्यबंधू-भगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, रुग्ण आनंदाने आपले आभार मानू लागला, तर ते जरूर स्वीकारावेत. मात्र रुग्णपत्रिकेवर ‘उत्तम उपशय’ लिहिण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारावा.